दोन पिस्तुलं आणि माझं घड्याळ

यशवंता,

काल तुझं बारावं झालं. माणसं जेवून गेली, पत्रावळी उचलल्या, मांडवातल्या खुर्च्या परत गेल्या. मी घरी येऊन जो पडलो तो आज दुपारी उठलो. थकलो आहे रे. तुझ्या जाण्याने थकलो की आधीपासूनच थकलेला होतो, ते माझं मलाच सांगता येत नाही. शाळेने शोकसभेसाठी माझ्याकडे चार ओळी मागितल्या आहेत. जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरी किती वर्षं. ते दुसरं कुणीतरी लिहील. मला तुझ्याशी एक जुना वाद मिटवायचा आहे आणि एक गोष्ट कबूल करायची आहे. तीन वर्षं ती मी तोंडात धरून बसलो होतो.

वाद आपला नेहमीचाच. जुनं पिस्तूल चांगलं की नवं.

परक्या माणसाला वाटेल, या दोन मास्तरांचं पिस्तुलांशी काय काम? आपली पिस्तुलं शर्यती सोडायची. आत गोळी नाही, नुसती दारू भरलेली टोपी. घोडा पडला की बार वाजतो, धूर निघतो आणि मुलं सुटतात. तू खेळाचा मास्तर, म्हणून बार तुझ्या हातात. मी गणित-विज्ञानाचा, म्हणून घड्याळ माझ्या हातात. तू आरंभाच्या रेषेवर, मी शंभर मीटर पलीकडे शेवटाच्या; शाळेत तसंच जिल्ह्याच्या स्पर्धेतही. पंधरा वर्षं आपली मैत्री मैदानावर अशी लांबूनच चालली, आणि संध्याकाळी जेट्टीवर बसून दिवसभराचं भांडण व्हायचं.

जुनं पिस्तूल आलं तेव्हा आपण अजून रत्नागिरी जिल्ह्यात होतो. लोखंडी, जड, लाकडी मुठीचं. जिल्हा वेगळा झाल्यावर नवं आलं, आणि ते मागवा म्हणून हेडमास्तरांच्या मागे मीच लागलो होतो. कंपनी तीच, नाव तेच, नंबरही तोच. नंबराच्या पुढे फक्त एक इंग्रजी अक्षर वाढलं होतं. पार्सल फोडलं तेव्हा तू त्या अक्षरावर नख घासून पाहिलंस आणि म्हणालास, "ह्या एका अक्षरासाठी चांगल्या पिस्तुलाक पेन्शनीत काढतंस?"

मग तो रविवार. तुझ्या पडवीत वर्तमानपत्र पसरून दोन्ही पिस्तुलं शेजारी शेजारी ठेवलेली, आणि वहिनी चहा घेऊन आल्या त्या दारातच थबकल्या. "आधी ती उचला, मगे चाय," म्हणाल्या. आपण उचलली नाहीत. तू जुन्याचा वकील, मी नव्याचा. कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन तराजूत घातलीसुद्धा. जुनं भरलं सोललेल्या नारळाएवढं, नवं त्याच्या निम्मं. जुन्याला एकच टोपी. मुलं आधीच पळाली तर तुला शिट्टी फुंकत त्यांच्यामागे धावावं लागायचं. नव्याला दोन नळ्या, म्हणजे एक बार सोडायला आणि दुसरा परत बोलवायला. जुन्याचा चाप इतका घट्ट की बोटाची दोन पेरं लावून ओढावा लागे, नव्याचा लोण्यासारखा मऊ. जुन्याच्या टोप्या पावसाळ्यात सर्दावायच्या, म्हणून तू त्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचास आणि वहिनींची बोलणी खायचास. माझा रकाना भरत चालला होता. मी तुला म्हटलंही, "जुना ता सोना म्हणान गळ्यात बांधून घेतलंस तरी ता लोखंडच रवतला."

तू हसलास. आणि मग मला मैदानावर घेऊन गेलास, धूर दाखवायला.

कारण घड्याळ धुरावर चालतं. हे तूच मला पहिल्या वर्षी शिकवलंस, आणि मी शास्त्राचा मास्तर असूनही तोवर ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आवाजाला शंभर मीटर यायला जवळजवळ एक तृतीयांश सेकंद लागतो. शेवटाला उभा असलेला माणूस आवाज ऐकून घड्याळ दाबेल तर ते तेवढं उशिरा सुरू होईल, आणि धावणाऱ्याच्या पदरात फुकटचे सेकंदाचे तीन दशांश पडतील. म्हणून धूर दिसला की दाबायचं, आवाजाची वाट बघायची नाही. दरवर्षी आठवीच्या वर्गात मी हे फळ्यावर मांडून दाखवतो.

त्या रविवारी तू आधी जुनं उडवलंस. नारळाची ओली सोडणं चुलीत घातल्यावर येतो तसा पांढरा, जाड धूर तुझ्या डोक्यावर उभा राहिला. मग नवं. विडी ओढणाऱ्याने तोंड बाजूला करून फुंकर मारावी तेवढाच काय तो. तू तिथूनच ओरडलास, "दिसलो?" मी म्हटलं, दिसला. खरं तर मी तुझ्या हाताच्या झटक्यावरून ओळखलं होतं.

"नव्याक धूर नाय, अनंता," परत येताना तू म्हणालास. "सड्यार मागे नुसता आभाळ. तुका दिसाचो नाय. माज्या मागे काळो फळो धरूया."

"पिस्तूल सुधारला आणि वांगडा फळो व्हयो?" मी तुझी टर उडवली. तरी तू ऐकेनास, तेव्हा कबूल केलं की जिल्ह्याच्या स्पर्धेला माझ्या वर्गातला लहान फळा मी टेंपोत घालीन.

घातला नाही. विसरलो असं त्या दिवशी तुला सांगितलं, पण विसरलो नव्हतो. दुसऱ्या शाळांच्या मास्तरांसमोर फळा घेऊन उतरायची मला लाज वाटली होती.

आता मंदाचं. मंदा तुझी. धामापूरच्या पलीकडच्या वाडीतली, भाताची शेती असलेल्या घरातली. आठवीत आपल्या शाळेत आली तेव्हा ती पळत नव्हती, नुसती घाईने चालायची, आणि त्या चालण्यातलं पळणं तुला दिसलं. तीन वर्षं तू तिला रोज सकाळी शाळेआधी पळवलंस. तिच्या बापाने अट घातली होती की दहावीत तिचा नंबर कोल्हापूरच्या विभागीय स्पर्धेला जायला लागला तर पुढे शिकवीन, नाहीतर पुरे. जिल्ह्यातून शंभर मीटरला एकच मुलगी कोल्हापूरला जायची. ते तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि त्या सकाळी टेंपोत मागे बसलेल्या मंदाच्या तोंडाकडे पाहिलं असतं तर कुणालाही कळलं असतं.

स्पर्धेचं मैदान सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या पठारावर. वारा सुटला होता. फक्कीच्या रेषा वरचेवर पुसल्या जात होत्या. रेषा सहाच, मुली अकरा, म्हणून दोन फेऱ्या आणि मग अंतिम शर्यत असं ठरलं. पहिल्या फेरीत मंदा. तू हट्टाने जुनंच पिस्तूल घेतलंस. "जागा घ्या... तयार..." आणि तू थांबलास. नेहमी थांबायचास तसाच. तुझं म्हणणं असे, "पोरांची पाठ बघूची. पाठ थंड झाली की बोट आपसूक चलता." पाठी थंड झाल्या, धूर उभा राहिला, मी दाबलं. मंदा पहिली आली. तेरा सेकंद सहा.

दुसऱ्या फेरीला जुन्या पिस्तुलाने दगा दिला. खाऱ्या वाऱ्यात टोप्या ओलावल्या असतील. एक बार फुसका गेला, मग दुसरा. मुली दोनदा वाकल्या, दोनदा उठल्या. प्रमुख पंच चिडले. तेव्हा टेबलावरचं नवं पिस्तूल घेऊन धावत तुझ्याकडे आलो तो मीच, आणि ते तुझ्या हातात देताना "घे, आता बघ सुधारणा," असं म्हणायलाही चुकलो नाही. धावत परत गेलो. दुपारचा सूर्य तुझ्या मागे उतरलेला, त्यामागे पांढरं आभाळ. मी डोळे बारीक करून पाहत होतो. धूर दिसला नाही. आवाज ऐकला आणि दाबलं.

दाबतानाच कळलं. अंगठा खाली गेला त्याच क्षणी कळलं, यशवंता.

वैभववाडीकडची एक चुणचुणीत मुलगी पहिली आली. माझ्या घड्याळात तेरा चार. पहिल्या नंबरासाठी त्या दिवशी चालतं घड्याळ माझं एकट्याचंच होतं, दुसरं सकाळीच बंद पडलं होतं. तीन दशांश मिळव आणि बघ, तेरा सात होतात. मंदापेक्षा एक दशांश मागे. मी मनात धरलं, अंतिम शर्यत आहेच, तिथे काय ते होईल. आणि पाहुण्यांचं भाषण लांबलं, वाऱ्याने मांडव फाटायला आला, लांबच्या शाळांची एसटी निघायची वेळ झाली. पंचांनी जाहीर केलं की अंतिम शर्यत होणार नाही, फेरीतल्या वेळेवरून नंबर काढतो. कागद माझ्यापुढे आला. मी सही केली.

का केली? त्या मुलीचे घरचे तोवर टाळ्या वाजवत होते. मी शास्त्राचा मास्तर, आणि आवाजावर घड्याळ दाबलं असं चारचौघांत कोणत्या तोंडाने सांगू? फळा का आणला नाहीस असं तू पुन्हा विचारलं असतंस. ही सगळी कारणं लहान आहेत, मला माहीत आहे. तेव्हा ती मोठी वाटली. उद्या तुला एकट्याला सांगू, तू काहीतरी मार्ग काढशील, असं म्हणून मी टेंपोत चढलो.

परतताना तू उजवा हात मांडीवर उपडा ठेवून बसला होतास. मंदा पुढे, ड्रायव्हरशेजारी. तू हळूच म्हणालास, "अनंता, माज्या बोटान खाल्ला तिका. चाप घट्ट होतो. मी तिका 'तयार'मध्ये जास्त वेळ धरलंय. ती गळाली. नव्या पिस्तुलार पळाली असती तर तीच पयली."

ती वेळ होती. दोन वाक्यं पुरली असती. मी काय म्हटलं ते तुला आठवत असेल. मी म्हटलं, "तरी तुका सांगी होतंय, ता जुना टाकून दी."

त्यानंतर तू पिस्तूल हातात धरलं नाहीस. बोटात दोष आहे असं हेडमास्तरांना लिहून दिलंस आणि नव्या मास्तराला नवं पिस्तूल देऊन मोकळा झालास. पुढच्या दोन्ही वर्षी स्पर्धेत तू लांब उडीच्या खड्ड्यापाशी टेप धरून बसलास. लोक म्हणाले, सरांचं वय झालं. पन्नासही नव्हतास. आणि मी? मी संध्याकाळी जेट्टीवर तुझ्याशी वाद घालत राहिलो. तू म्हणायचास, नव्याला धूर नाही. मी म्हणायचो, धुराला काय चाटायचंय? प्रत्येक वेळी तू अगदी त्या जागेपर्यंत यायचास आणि मी मासे, पगार, बदल्या असं काहीतरी मध्ये घालायचो. आता वाटतं, त्यातल्या एखाद्या संध्याकाळी तरी तू माझ्याकडे रोखून पाहिलं असशील. मला आठवत नाही. मी बहुतेक पाण्याकडे बघत असायचो.

मला टायफॉइड झाला होता त्या वर्षी माझे नववीचे गणिताचे पेपर तू तपासलेस. गणितात तू ढ, हे तू स्वतःच सांगायचास. दहावीतल्या हुशार पोरीला बाहेर ओट्यावर बसवून प्रत्येक उत्तर विचारून घेतलंस आणि तिला शंका आली की तेवढ्यासाठी सायकल मारत माझ्या अंथरुणापाशी यायचास. एकाही मुलाचा अर्धा गुण इकडचा तिकडे झाला नाही. मी बरा होऊन ते पेपर पाहिले तेव्हा मला रडू आलं होतं, ते मी तुला कधी सांगितलं नाही. तेही आज सांगतो. माझ्या कामात तू इतका जपून वागलास, आणि तुझ्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत मी हे केलं.

काल मंदा आली होती. मी तिला तीन वर्षांनी पाहिलं. दहावीनंतर बापाने शब्दाप्रमाणे शाळा थांबवली, आता ती काजूच्या कारखान्यात जाते. बोटं चिकाने काळी पडली आहेत. जेवणं आटोपल्यावर ती मागच्या अंगणात भांडी घासायला बसली. मी पाणी प्यायला गेलो, तर आपण होऊन बोलायला लागली.

"सर दर चवतीक आमच्याकडे येयत," ती म्हणाली. "आधी गणपतीक हात जोडीत, मगे बाबांक. म्हणत, माज्या बोटामुळे तुमच्या चेडवाचो नंबर गेलो, माका माफ करा. बाबा म्हणत, मास्तर, रवांदे आता. तरी पुढच्या वर्षी परत तेच."

मी विहिरीच्या कठड्याला टेकलो. यशवंता, तू मला हे कधी सांगितलं नाहीस. ज्याच्या दारात पाऊल टाकायला तुला संकोच वाटावा अशा माणसापुढे तू दरवर्षी जाऊन हात जोडत होतास, आणि ते हात माझे जोडायचे होते.

तिला तिथेच सगळं सांगितलं. धूर, आवाज, तीन दशांश. ती राख लावलेला हात तसाच धरून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे माजो पयलो नंबर होतो?"

"होय गो."

"सरांक ठावक होता?"

"नाय."

"मगे माका कित्याक सांगतास?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "माजा काय, जाऊचा ता गेला. त्यांका सांगूक होया होता."

तिने परत भांड्यात हात घातला. मागे दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं मला माहीत नाही, बहुतेक सगळंच. त्या मला काही लागेल असं बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भावजी, शेवटचे दोन दिस ते ता बोट दुसऱ्या हातात धरून होते. माका वाटला, दुखता." मग मला आत घेऊन गेल्या. तुझ्या फोटोसमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "आता ह्यांका सांगा. मोठ्यान सांगा."

मी उभा राहिलो. वहिनी आणि ती पोर ऐकत होत्या, म्हणून मला पुन्हा लाज वाटली. तीन वर्षांपूर्वी वाटली होती तीच. मी चपला घातल्या आणि न सांगताच निघून आलो.

म्हणून हे लिहून देतो आहे. तुझा वाद तू जिंकलास, जुनं पिस्तूल चांगलं होतं. नवं वाईट नव्हतं, पण त्याच्यामागे फळा हवा होता आणि तो तू मागितला होतास. जिल्ह्याच्या कचेरीलाही मी आज पत्र लिहिलं आहे, त्या कागदावरची वेळ चुकीची आहे आणि चूक माझी आहे म्हणून. तिथे कुणी वाचेल असं वाटत नाही, पण माझी सही त्याच्याखाली आहे.

वहिनींना माझं अक्षर लागत नाही. येत्या रविवारी मंदा येणार आहे, तीच हे तुझ्यासमोर मोठ्याने वाचेल. मी बाजूला बसेन, या वेळी उठून जाणार नाही. तिला मी आधीच सांगेन, बाकी सगळं राहिलं तरी चालेल, ही शेवटची ओळ सर्वांत आधी वाच. यशवंता, तुझं बोट चुकलं नव्हतं.